स्लीपमधून उठल्यावर यूएसबी माउस चालत नाही, केबल काढून परत लावली की चालतो. काय करावं?
केबल काढून परत लावली की माउस चालतो म्हणताय, म्हणजे माउस बहुतेक ठणठणीत आहे. वीज वाचवायला झोपवलेला पोर्ट बहुधा नीट जागा होत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'वर (यूएसबी पोर्ट ज्याला जोडलेले असतात तो भाग) राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमधून पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा. जितके हब दिसतील तितक्यांची. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. तिथे पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (वापरात नसलेलं यूएसबी डिव्हाइस झोपवणारी सेटिंग) सापडलं तर बंद करा. बॅटरी जरा जास्त खाईल, चालायचंच. तोवर अडलंच तर टचपॅडने तोच हब डिसेबल करून पुन्हा एनेबल करा. डेस्कटॉपवर हब असा डिसेबल करू नका, कीबोर्डही त्याच हबवर असेल तर तोही जाईल!