‘नुसती आत टाक’ म्हणतात, तेच जमत नाही

प्रिय ‘डबल फॉल्ट’, कोल्हापूर,

टेनिसच्या सरावात दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी संधी) सहसा चुकत नाही, पण सामन्यात ५-४ अशी आघाडी आली की हात जड होतो, लागोपाठ डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गमावणं) होतात आणि कोर्टाच्या कुंपणाबाहेरून बाबा ओरडतात, “नुसती आत टाक!” आता तर टॉस करायचीच, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवायचीच, धास्ती वाटते, असं तू लिहिलंयस. सतराव्या वर्षी, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असताना हे सोसणं खरंच कठीण आहे. पण म्हणून तू मनानं कमकुवत ठरत नाहीस.

बाबांचा सल्ला मायेपोटी आहे, तरी घात तोच करतोय. ‘आत टाकायला’ गेलं की रॅकेटचा वेग मंदावतो. वेग नाही तर चेंडूला टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, नाही, आणि टॉपस्पिनशिवाय तो नेटवरून उंच जाऊन पुन्हा समोरच्या सर्व्हिसच्या चौकटीत (बॉक्समध्ये) उतरणार कसा? मग तो नेटमध्ये अडकतो, नाहीतर लांब जातो. दुसऱ्या सर्व्हिसलाही रॅकेट पहिलीइतकीच जोरात फिरू दे. फक्त चेंडूला मागून थेट ठोकू नकोस, खालून वर घासत ने. तू उजव्या हातानं खेळत असशील तर चेंडू म्हणजे घड्याळाची तबकडी समज आणि सातपासून एकच्या दिशेनं घास. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असतं. त्याच्याही वर चांगलं हातभर अंतर ठेव.

ताण आला की मूठ नकळत आवळली जाते आणि कॉन्टिनेन्टल ग्रिप (रॅकेट हातोडीसारखी धरायची पकड) सरकून फोरहँडची होते. त्या ग्रिपनं चेंडू घासताच येत नाही. म्हणून प्रत्येक सर्व्हिसआधी मूठ एकदा घट्ट दाबून सैल सोड आणि ग्रिप तपास.

टॉस बहुतेक वेळा तळव्यामुळे बिघडतो. चेंडू बोटांच्या पेरांवर धर, हात सरळ ठेव, मनगट न झटकता डोळ्यांच्या उंचीवर सोड. सोडल्यावर तो हात लगेच खाली ओढू नकोस. हात पडला की हनुवटी पडते, छाती वाकते आणि चेंडू नेटमध्ये जातो. टॉस वाकडा गेला तर रॅकेट न फिरवता चेंडू झेल किंवा पडू दे. नियमानं तो फॉल्ट नाही. वाकडा टॉस मारायला जाणं हीच घाबरलेल्या खेळाडूची सगळ्यात मोठी चूक असते.

टेनिसपटू आर्यना सबालेन्काला २०२२ मध्ये डबल फॉल्टनी असंच छळलं होतं. तिनं सर्व्हिसच्या हालचालीच तज्ज्ञाकडून सुधारून घेतल्या. २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात पहिल्या चॅम्पियनशिप पॉइंटवर, म्हणजे जिंकला तर विजेतेपद मिळणार अशा गुणावर, तिनं पुन्हा डबल फॉल्ट केला, तरीही ती जिंकली. धडधड तिचीही थांबली नसणार. तुझीही थांबायची वाट पाहू नकोस.

दोन गुणांमध्ये २५ सेकंद असतात. सुरुवातीला नेटकडे पाठ करून रॅकेटच्या तारांकडे बघ. चार मोजत श्वास घे, सहा मोजत सोड. सर्व्हिस कुठे आणि कोणती करायची हे चेंडू टप्पे घेण्याआधीच ठरव. मग रेषेवर ये, चार टप्पे, एक उच्छ्वास, टॉस. टप्पे घेताना बेत बदललास की हात अडखळलाच. पहिली चुकल्यावर नियमानं रेंगाळता येत नाही, तेव्हा एक श्वास, दोन टप्पे, बस.

टोपलीभर चेंडू एकटीनं मारून हे अंगात मुरत नाही. समोर कुणालातरी उभं कर आणि प्रत्येक गेम ३०-४० पासून, म्हणजे समोरची गेमपासून एका गुणावर असताना, एकाच सर्व्हिसवर खेळ. म्हणजे चुकली की गेम गेला. त्याआधी बेसलाइनवर (कोर्टाच्या मागच्या रेषेवर) दोन-तीनदा जोरात पळून ये, म्हणजे छाती सामन्यासारखी धपापेल. मात्र खांदा किंवा कोपर दुखत असेल तर हे सगळं थांबव आणि आधी डॉक्टरांना दाखव.

बाबांशी सामन्याच्या दिवशी नको, एखाद्या निवांत संध्याकाळी बोल. “तुम्ही ओरडलात की माझा हात आखडतो,” हे स्पष्ट सांग आणि त्यांच्या हाती वही दे. चुकलेली प्रत्येक दुसरी सर्व्हिस नेटमध्ये गेली की लांब, एवढंच त्यांनी गुपचूप टिपायचं. नेटमध्ये जास्त असतील तर हनुवटी आणि टॉसचा हात बघ, लांब जास्त असतील तर ग्रिप आणि डोक्यामागे जाणारा टॉस. तीन-चार सामन्यांची टिपणं झाली की वही तुझ्या कोचना दाखव.

तुझी,
ताई