वाचकांचे प्रश्न : समुद्रकाकडीने हातावर पांढरे दोरे सोडले, ती मेली असेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नुकताच डायव्हिंगचा कोर्स पूर्ण केलाय. परवा डाइव्हला वाळूत एक वीतभर लांब, जाडजूड तपकिरी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा समुद्री प्राणी) दिसली आणि माझ्या बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, ती सहज म्हणून उचलली. आधी ती एकदम टणक झाली आणि मग एका टोकातून पांढरे दोरे बाहेर आले, ते ग्लोव्हजला असे चिकटले की निघता निघेनात. तेव्हापासून दोघांनाही वाईट वाटतंय. ती तिची आतडी होती का? मेली असेल का? आणि संध्याकाळच्या डाइव्हला दुसरी एक दिसली ती अर्धं अंग वर उचलून डोलत होती, तो काय प्रकार?

उत्तर : आधी काळजी मिटवते. चिकट पांढरे दोरे म्हणजे आतडी नव्हेत. त्यांना कुव्हिएरियन नलिका म्हणतात, जॉर्ज कुव्हिए या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून. सगळ्या समुद्रकाकड्यांकडे त्या नसतात, काही जातींकडेच असतात, आणि त्या शरीराच्या आत मागच्या बाजूला गुंडाळून ठेवलेल्या असतात. कोणी त्रास दिला की ती मागचं टोक त्या दिशेला वळवते, नलिका गुदद्वारातून बाहेर पडतात, पाण्यात कितीतरी पट लांब होतात आणि कशालाही टेकल्या की काही सेकंदांत चिकटतात. खेकडा किंवा मासा त्यात अडकून बसतो आणि ही हळूहळू निघून जाते. तुटून गेलेल्या नलिका नंतर पुन्हा वाढतात, म्हणजे तेवढ्यावरून ती मेली नसणार. पण वाढायला काही आठवडे लागतात आणि तोवर तिचं ते हत्यार कमी झालेलं असतं, म्हणून तुमच्या बडीला प्लीज सांगा की पुन्हा कुठलीच उचलायची नाही, "फोटोपुरती" पण नाही.

खरी आतडी बाहेर टाकणाऱ्या जातीही आहेत बरं का. फारच ताण आला की त्या आतडं, कधी श्वसनाचा अवयवसुद्धा शरीराबाहेर टाकतात, आणि नंतर सगळं नव्याने तयार करतात! ऐकायला भारी वाटतं पण त्या काळात तिला नीट खाता येत नाही, साठवलेल्यावरच निभवावं लागतं. आपल्या दोन मिनिटांच्या कुतूहलासाठी तिने एवढं का सोसायचं, हे मला खरंच पटत नाही.

ती टणक कशी झाली, तर तिच्या त्वचेखालचं जे कोलॅजन (शरीराला बांधून ठेवणारं प्रथिन) आहे ते ती नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, इशाऱ्यावर सैल किंवा घट्ट करू शकते. सैल सोडलं की अंग इतकं मऊ पडतं की खडकाच्या फटीत ओतल्यासारखी शिरते, आत गेली की आवळून घेते आणि मग ओढून काढणं अवघड. हे सगळं मेंदू नसताना! तोंडाभोवती नसांचं एक कडं आणि तिथून अंगभर गेलेल्या पाच मुख्य नसा, एवढंच. पाच हा आकडा स्टारफिशच्या पाच हातांसारखाच, कारण दोघं प्राण्यांच्या एकाच मोठ्या गटातले.

आता डोलणारी. ते बहुतेक प्रजनन होतं. नर आणि मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, पण वेळ आली की दोघंही पुढचं अंग वर उचलतात, कारण अंडी आणि शुक्राणू सोडायचं छिद्र डोक्याच्या बाजूलाच असतं आणि उंचावरून सोडलं की प्रवाह ते लांबवर नेतो. बारीक धुरासारखी पांढरी रेघ डोक्यापासून निघताना दिसली असेल तर नक्कीच तेच. बऱ्याच जातींमध्ये हे चंद्राच्या कलांशी जुळतं, म्हणून एक उभी दिसली की आसपास आणखी दिसतात. तुम्हाला कोर्स संपल्या संपल्या हे बघायला मिळालं, मला तर हेवा वाटतोय.

पुढच्या वेळी काय बघायचं ते सांगते. वाळू उडणार नाही असं जरा वर तरंगत राहा आणि आधी तोंडाकडचं टोक शोधा. तिथले छोटे झुपक्यांसारखे टेंटॅकल्स एकेक करून वाळू दाबतात, चिकटलेले कण तोंडात घालतात, परत बाहेर येतात, मी एकदा दहा मिनिटं नुसतं तेच बघत होते. मागे पडलेल्या वाळूच्या जाड गोळ्या म्हणजे तिची विष्ठा, त्यातलं खाण्यासारखं काढून घेतलेली वाळू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या एकाच रीफवर (प्रवाळाच्या खडकावर), हेरॉन बेटापाशी, समुद्रकाकड्या वर्षाला 64,000 टनांहून जास्त अशी वाळू बाहेर टाकतात असा अंदाज 2021 मध्ये प्रसिद्ध झालाय. मग मागचं टोक बघा, ते हळूच उघडतं, मिटतं. ती श्वास घेतेय, आतल्या झाडासारख्या फांद्या असलेल्या नळ्यांत पाणी भरून. काही जातींत त्याच वाटेने पर्लफिश नावाचा सडपातळ मासा आत जाऊन राहतो, रात्री खायला बाहेर येतो आणि परतताना बऱ्याचदा शेपूट आधी आत सरकवतो. आणि अंगावर तांबडी-पांढरी इवलीशी कोळंबी फिरताना दिसली तर ती एम्परर श्रिम्प, तिच्यासाठीही काकडी उलटी करायची नाही, थोडं थांबलात तर ती स्वतःच वरच्या बाजूला येते.