ऑर्डरी भरपूर, माल वेळेवर जात नाही. नवं मशीन घ्यावं की रात्रपाळी सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की नवी मुंबईत रबाळ्याला तुमचा घरचा गाळा आहे, इलेक्ट्रिक पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या बनवता, वर्षभरात ऑर्डरी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि आता माल तीन-तीन आठवडे उशिरा जातोय. काकांना नवं सीएनसी बेंडिंग मशीन (पत्रा वाकवायचं, संगणकावर चालणारं) हवंय, बाबांना रात्रपाळी. मी ठाण्यात वागळे इस्टेटला सासऱ्यांनी सुरू केलेलं असंच वर्कशॉप बघते. मला विचाराल तर आत्ता दोन्ही नको. आधी माल नेमका कुठे अडतो ते बघा.

त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी गाळ्यात एक चक्कर मारा. अर्धवट मालाची थप्पी कोणत्या मशीनपुढे सगळ्यात उंच आहे? आपल्या धंद्यात ती बहुधा बेंडिंगपुढे असते, नाहीतर पावडर कोटिंगला जायच्या वाटेवर. लेझरवाला दिवसभरात पत्रा कापून टेम्पो भरून पाठवतो आणि तो वाकवायला आपल्याला चार दिवस लागतात. समजा गाळ्यात 600 पेट्या अर्धवट पडल्यात आणि रोज 40 तयार होऊन बाहेर जातात. मग आज आलेली ऑर्डर 15 कामाच्या दिवसांनीच निघणार, तुम्ही फोनवर काहीही सांगा. म्हणून पहिला उपाय थोडा उलटा वाटेल: लेझरकडून पत्रा कमी मागवा. बेंडिंगला जेवढा पेलतो तेवढाच आत घ्या. पावसाळ्यात तर ह्याचा दुहेरी फायदा, कारण सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा थप्पीत पडून राहिला की गंज धरतो आणि मग तो घासत बसायला आणखी एक माणूस लागतो.

आता त्या बेंडिंग मशीनपाशी अर्धा दिवस नुसते उभे राहा. मशीनचा वाकवण्यात किती वेळ जातो आणि सेटिंगमध्ये किती, ते लिहा. 1.6 मिमीचं काम संपलं, आता 2 मिमीचं. ऑपरेटर 12 मिमीची व्ही डाय (पत्रा ज्या खाचेत दाबून वाकवतात तो साचा) काढतो आणि 16 ची शोधायला जातो (जाडीच्या साधारण आठपट व्ही, हा आपला रोजचा हिशोब). ती कपाटामागे सापडते. मग पहिला नग वाकवतो, गुण्या लावतो, कोन दीड अंश उघडा निघतो, पुन्हा दाब वाढवतो आणि सुपरवायझर येईपर्यंत थांबतो. सुपरवायझर मालाचं डिलिव्हरी चलन बनवत बसलेला असतो. आठ तासांतले तीन तास असे गेले तर मशीन खरं पाचच तास चालतं. ते तीन तास दीडवर आणलेत की साडेसहा तास मिळतात, म्हणजे 30 टक्के जास्त माल, एक रुपयाही न घालता. टोयोटामध्ये जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी 1969-70 च्या सुमारास हजार टनी प्रेसची डाय बदलायचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला होता. आपल्याला एवढं नको. डाय मशीनशेजारी रॅकवर रंगाच्या खुणेने लावा, एका जाडीची कामं सलग घ्या, पुढच्या कामाचा पत्रा आणि ड्रॉइंग मशीन चालू असतानाच हेल्परला आणून ठेवायला सांगा, पहिला नग पास करायचा अधिकार ऑपरेटरलाच द्या. जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद ठेवू नका, माणसं आळीपाळीने जेवतील.

रात्रपाळीबद्दल एवढंच सांगते की ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि थकलेल्या माणसाने रात्री चुकीच्या बाजूला वाकवलेला नग सकाळी भंगारात जातो. पाळी वाढवायचीच तर फक्त अडलेल्या मशीनपुरती वाढवा. अख्खा गाळा रात्रभर जागवून काय मिळणार?

खरा अवघड भाग मशीनचा नाहीच, घरच्यांचा आहे. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन बाबांच्या मोबाइलवर येतो, वीस वर्षांची ओळख, बाबा म्हणतात, "शनिवारी घेऊन जा." काका दुसऱ्या पार्टीला तोच शनिवार देतात. कारागीर दोघांचं ऐकतात आणि दिवसातून दोनदा सेटिंग मोडतात. तारीख एकाच माणसाने द्यायची आणि ती भिंतीवरच्या फळ्यावर लिहायची, हा नियम करा. आमच्याकडे सासरे आता फोनवर "सुनेला विचारून सांगतो" म्हणतात. सुरुवातीला त्यांना ते फार लागलं होतं, आता नको त्या माणसाला टाळायला तेच वाक्य वापरतात! तारीख देताना पंचांगही बघा. गणपतीत कोकणातले फिटर जाणार, होळीला आणि दिवाळीनंतर छठला यूपी-बिहारचे वेल्डर जाणार. ते अचानक जात नाहीत, आपणच दरवर्षी अचानक गेल्यासारखं करतो.

आणि सगळ्या ऑर्डरी घेऊ नका. कोणती सोडायची हे नगामागच्या नफ्यावर ठरवू नका, अडलेल्या मशीनच्या तासावर ठरवा. एका पेटीत 400 रुपये सुटतात आणि बेंडिंगला 10 मिनिटं लागतात, तर तासाला 2400. दुसरीत 700 सुटतात पण अर्धा तास खाते, तर तासाला 1400. मोठ्या पेटीचा भाव वाढवून सांगा. पार्टीने मान्य केला तर उत्तम, नाहीतर मशीन मोकळं झालं.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ऑर्डरी दुप्पट म्हणजे पत्र्यातही दुप्पट पैसा अडकतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर तो नंबर बिलावर छापा. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाला 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. 2006 च्या एमएसएमई कायद्यात उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. ते मागायची हिंमत आपली होत नाही, ते सोडा. पण एप्रिल 2024 पासून आयकर कायद्याच्या एका कलमामुळे (जुन्या कायद्यात 43बी(एच)) मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी पार्टीला तो खर्च वजा मिळत नाही, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा सीए स्वतःहून फोन करतो. पार्टी कंपनी असेल आणि तिची उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर तिला ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं मुदतीआधी वटवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदणी सक्तीची आहे. तिथे बिल वटवता येतं का, विचारा.

हे सगळं करूनही थप्पी बेंडिंगपुढेच राहिली तर काकांचं बरोबर आहे, मशीन घ्या. तारण नसेल तर बँकेत सीजीटीएमएसईची (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट) हमी मागा. कोटेशन मागवताना टूलिंगचा (डाय-पंचचा) भाव वेगळा लिहून घ्या, कारण मशीनच्या किमतीत तो बहुधा नसतो, आणि महावितरणकडे विजेचा मंजूर भार पुरेसा आहे का ते आधी बघा. आमच्या शेजारच्या गाळ्यात नवं मशीन भार वाढवून मिळेपर्यंत ताडपत्रीखाली उभं होतं, आणि हप्ते सुरू झाले होते.