ऑगस्टअखेरीचं ताश्कंद: ऊन सांभाळा, बाकी सगळं जमतं

तुमचा प्रश्न असा, की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सत्तरीच्या शाकाहारी आईबाबांना घेऊन जायचंय, हाताशी चार-पाच दिवस आहेत, तर उझबेकिस्तानच्या राजधानीत, ताश्कंदला थांबावं की उतरल्या उतरल्या समरकंद गाठावं. माझं मत विचाराल तर दोन पूर्ण दिवस ताश्कंदला द्याच. "तिथे काय, सगळं सोव्हिएत सिमेंट" असं लोक सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण २६ एप्रिल १९६६च्या भूकंपात जुनं शहर बरंचसं पडलं आणि त्यावर रुंद रस्त्यांचं नवं शहर उभं राहिलं. पण म्हातारी माणसं सोबत असताना रुंद फुटपाथ, झाडं आणि मेट्रो असलेलं शहर मला तरी अडचणीचं वाटत नाही.

आधी उन्हाचं. २५ जून ते ५ ऑगस्ट या कडक चाळीस दिवसांना तिथे चिल्ला म्हणतात, तो संपलेला असेल. तरी दुपारी पारा ३३-३५ला जातोच. हवा कोरडी, घामाची चिकचिक नाही, म्हणूनच तहान लागेपर्यंत पाण्याची आठवण होत नाही. नळाचं पाणी मात्र पिऊ नका. रात्री छान गार होतं, आईंसाठी एखादी शाल असू द्या. सकाळी लवकर निघा, बारा ते पाच छपराखाली काढा, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा. अमीर तैमूर चौक भरदुपारी मुळीच नको. तिथले जुने चिनार २००९मध्ये तोडले, सावलीच राहिली नाही.

सकाळ चोरसू बाजाराला. निळ्या घुमटाखाली खालच्या मजल्यावर मांस आहे, घोड्याचंसुद्धा. आईबाबांना ते बघवणार नसेल तर वरच्या मजल्यावर सुकामेव्याच्या गाळ्यांकडे न्या, किंवा थेट बाहेर फळांकडे. या दिवसांत जायचं खरं कारण फळंच! खरबुजं, अंजीर, द्राक्षं, पीच, सगळं एकदम भरात असतं. मिर्झाचूलचं लांबुळकं, जाळीदार सालीचं पिवळट खरबूज मागा. विक्रेता सुरीने फोड कापून सुरीच्या टोकावरच पुढे करतो, चाखून मग घ्या. एक खरबूज पाच-पाच किलोंचं असतं, तिघांना संपणार नाही, पण हॉटेलवाल्यांना वाटून टाकता येतं. स्थानिक लोक द्राक्षं आणि खरबूज चक्क नानसोबत खातात. तंदूरमधून नुकता निघालेला, मधे नक्षीचा ठसा असलेला नान आणि द्राक्षं, हा आईबाबांचा नाश्ता झालाच म्हणून समजा. फक्त नान टेबलावर पालथा ठेवू नका, तिथे ते वाईट दिसतं.

जेवणाचं स्पष्ट सांगतो. प्लोव म्हणजे तिथला मांस-गाजराचा पुलाव, त्यातलं मांस बाजूला काढून भात खाऊ, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. तो बहुतेकदा मेंढीच्या चरबीतच शिजतो. सूपही मांसाच्या पाण्याचं असतं. भोपळ्याचा साम्सा (तंदूरमध्ये भाजलेला समोसा) मिळतो, पण त्यातही कधी चरबीचे तुकडे घालतात, म्हणून विचारूनच घ्या. "बेझ म्यासा" एवढं रशियन पाठ करा. टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, नान, ग्रीन टी कुठेही मिळतं. बाजारात कोरियन बायका तिखट-आंबट गाजराचं सॅलड विकतात. १९३७मध्ये स्टालिनने अतिपूर्वेकडून इथे आणून टाकलेल्या कोरियन लोकांची ही देणगी. तुम्ही स्वतः खात असाल तर प्लोव दुपारीच खा, संध्याकाळपर्यंत कढई रिकामी झालेली असते. रात्री भारतीय हॉटेल शोधा, शहरात बरीच आहेत.

दुपार मेट्रोला. १९७७मध्ये सुरू झालेली ही मध्य आशियातली पहिली मेट्रो. २०१८पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता खुशाल काढा. चोरसूहूनच बसा: त्याच मार्गावर घुमटांचं अलिशेर नवोई स्टेशन आणि मग कॉस्मोनावत्लार, जिथे निळ्या भिंतींवर गागारिन आणि तेरेश्कोवा या अंतराळवीरांसोबत समरकंदचा खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेगही आहे. जिने मात्र उतरावे-चढावे लागतात.

संध्याकाळी बाबांना शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी न्या. त्यांच्या नावाचा रस्ताही आहे. १० जानेवारी १९६६ला पाकिस्तानशी ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री ते गेले. त्या पिढीला ताश्कंद हे नाव त्यावरूनच माहीत असतं. भूकंपाचं स्मारकही बघा: काळ्या दगडाचा दुभंगलेला ठोकळा, त्यावर घड्याळ, वेळ ५:२३.

समरकंदला अफ्रोसियोब या वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत पोचता. १ सप्टेंबरला त्यांचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी असते आणि गाड्या भरतात. तारखा त्याच्या जवळपास असतील तर तिकीट शक्य तितक्या लवकर काढा. हॉटेल सोडताना नोंदणीची चिठ्ठी मागून घ्या. आईंचे गुडघे कसे आहेत ते कळवा, त्यावरून चिमगानचे डोंगर आणि चारवाकचा तलाव अशी एक दिवसाची सहल जमेल का ते सांगतो.