पाणीपट्टी थकली तर घराचं पाणी खरंच तोडतात का? आणि भरायला पैसेच नसतील तर?

तुमचा प्रश्न असा की दोन बिलं थकली आहेत, नोटीस हातात पडली आहे. तर शहरं खरंच घराचं पाणी तोडतात की नुसता धाक घालतात? आणि काही ठिकाणी थकबाकीदाराला मदत मिळते असं ऐकलंय, ती कोणाला आणि कशी?

तोडतात. सगळीकडे नाही, आणि नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पण नुसता धाक समजून पाकीट फळीवर टाकू नका.

मी अकरा वर्षं एका पाणीपुरवठा खात्यात काढली, त्यातली सहा थकबाकीच्या टेबलावर. तोडणीची यादी माझ्याच हातून पुढे जायची. यादीत नुसते ग्राहक क्रमांक आणि रकमा असत, माणसं नसत. पण काही महिन्यांत आकड्यांमागची माणसं ओळखू येऊ लागली. एक पैसे असून न भरणारा. त्याचा नळ सकाळी बंद केला की जेवणाच्या सुट्टीआधी तो पैसे घेऊन खिडकीवर हजर, वर दोन शिव्या. दुसरा नसल्यामुळे न भरणारा. तो येतच नाही. एकदा एक बाई पिशवीभर पाकिटं घेऊन आल्या होत्या, सगळी बंद. "उघडून काय करायचं, आत काय आहे ते माहीतच आहे," म्हणाल्या. पाना फिरवल्यावर पहिल्याकडून वसुली होते. दुसऱ्याकडून दमडी सुटत नाही, वर तोडायला एक फेरी आणि जोडायला एक फेरी असा खर्च खात्याच्याच अंगावर येतो. शेवटी तोही ग्राहकाच्याच बिलात चढतो, म्हणजे न फिटणारं कर्ज आणखी वाढतं.

अडचण एवढीच की यादीवर दोघं सारखेच दिसतात. वेगवेगळ्या शहरांनी आणि देशांनी केलेले नियम मला तरी या दोघांना वेगळं काढायच्या धडपडीसारखे वाटतात.

वेगळं न काढता सरसकट पाना फिरवला की काय होतं हे अमेरिकेतल्या डेट्रॉइटने दाखवलं. शहराने २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१४ मध्ये थकबाकीविरुद्ध मोहीम काढली. दीडशे डॉलरच्या वर किंवा दोन महिन्यांपेक्षा जुनी थकबाकी असली की नाव यादीत. हजारो घरांचं पाणी गेलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दोन विशेष प्रतिनिधी तिथे येऊन गेल्या आणि ज्यांना परवडतच नाही त्यांचं पाणी तोडणं हा मानवी हक्कांचा भंग आहे, असं त्यांनी सांगितलं. पण त्याच्या महिनाभर आधी दिवाळखोरीचा खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी तोडणी थांबवायला नकार दिला होता. परवडणाऱ्या दरात पाणी मिळण्याचा कायद्याने बजावता येईल असा हक्क नाही, हे त्यांचं म्हणणं. बरं, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव केला होता. बाजूने १२२ मतं, विरोधात एकही नाही, तटस्थ ४१. त्या तटस्थांत अमेरिका होती.

मग २०२० मध्ये कोविडची साथ आली. हात धुवा म्हणून सांगायचं आणि नळ बंद ठेवायचा, हे शोभेना. त्याच डेट्रॉइटने तोडलेली घरं महिना २५ डॉलरच्या योजनेत परत जोडायला घेतली. २०२२ मध्ये उत्पन्नानुसार महिना १८ डॉलरपासून सुरू होणारी योजना आली. त्यात महिन्याला ४,५०० गॅलन, म्हणजे साधारण १७ हजार लिटर पाणी बसायचं आणि जुनी थकबाकी पुसली जायची. आठ वर्षांत तेच शहर या टोकाहून त्या टोकाला गेलं.

काही देशांनी पानाच काढून घेतला. इंग्लंड आणि वेल्समध्ये पाणी कंपन्या १९८९ मध्ये खाजगी झाल्या. पुढच्या काही वर्षांत तोडणी इतकी वाढली की १९९९ च्या कायद्याने राहत्या घराचं पाणी थकबाकीपोटी तोडायला बंदी आली. धार बारीक करणारं यंत्र बसवायलाही बंदी. आधी पैसे भरा, संपले की नळ आपोआप बंद, असे मीटर तर न्यायालयाने १९९८ मध्येच बेकायदा ठरवले होते. फ्रान्समध्ये २०१३ च्या कायद्याने राहत्या घराचं पाणी वर्षभर कधीच तोडता येत नाही. एका पाणी कंपनीने त्याला आव्हान दिलं. २०१५ मध्ये तिथल्या घटना परिषदेने, म्हणजे कायदा घटनेत बसतो का ते पाहणाऱ्या संस्थेने, तो कायम ठेवला. मग काही कंपन्यांनी शक्कल लढवली: तोडायचं नाही, नळीत बारीक भोकाची चकती घालायची. न्यायालयांनी तेही मोडीत काढलं.

मग लोक बिल भरणंच सोडतात का? आमच्या खात्यात हा वाद दर वर्षी व्हायचा. प्रामाणिक उत्तर: काही जण सोडतात. इंग्लंडमध्ये बुडीत थकबाकीचा भार भरणाऱ्यांच्या बिलावर पडतो; नियामक संस्थेच्या हिशोबाने तो मध्यंतरी घरामागे वर्षाला वीसेक पौंड होता. तरी कंपन्या बुडाल्या नाहीत. असून न भरणाऱ्यासाठी दिवाणी दावा आहे, पत खराब होण्याची भीती आहे. वसुली सावकाश होते, पण होते. शिवाय पाणीपुरवठ्याचा बहुतेक खर्च जलवाहिन्या, पंप, शुद्धीकरण आणि कर्जाच्या हप्त्यांचा असतो. एका घराचा नळ बंद केला म्हणून त्यातलं फारसं काही वाचत नाही.

मधला मार्ग म्हणजे धार बारीक करणं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात तोडण्याऐवजी प्रवाह रोखतात, पण मिनिटाला किमान २ लिटर पाणी यायलाच हवं. दहा लिटरच्या बादलीला पाच मिनिटं. माणूस तहानेने मरत नाही, कंटाळून फोन मात्र करतो. मला हा उपाय तोडण्यापेक्षा बरा वाटतो, पण लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरात पाच मिनिटांची बादली काय चीज आहे ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. तिथे पुरेसं पाणी मिळण्याचा हक्क थेट राज्यघटनेत आहे. तरीही २००० साली क्वाझुलू-नाताल प्रांताच्या एका भागात मोफत सार्वजनिक नळांवर पैसे आकारणं सुरू झालं. ज्यांना परवडेना ते ओढ्या-नद्यांकडे वळले. त्याच भागातून कॉलऱ्याची साथ उठली आणि रुग्णांचा आकडा लाखावर गेला. त्यानंतर घरटी महिन्याला ६ हजार लिटर मोफत देण्याचं धोरण देशभर आलं. हिशोब आठ माणसांच्या घराला माणशी रोज २५ लिटर असा होता. पण एकाच जोडणीवर वीस माणसं राहत असतील तर? जोहान्सबर्गच्या फिरी वस्तीतल्या रहिवाशांनी हाच मुद्दा आणि प्रीपेड मीटर न्यायालयात नेले. खालच्या न्यायालयाने माणशी ५० लिटर म्हटलं, वरच्याने ४२, आणि २००९ मध्ये देशाच्या घटना न्यायालयाने शहराचंच धोरण योग्य ठरवलं, मीटरही कायदेशीर ठरवले. प्रीपेड मीटरचा माझा राग तेव्हापासूनचा. त्यात तोडणारा माणूसच दिसत नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही, मध्यरात्री नळ आपोआप कोरडा.

आता मदत. तुम्हाला बहुधा आधी हप्ते देऊ करतील, आणि इथेच लोक फसतात. चालू बिल अधिक जुन्याचा हप्ता, असं दुप्पट ओझं ते डोक्यावर घेतात आणि तिसऱ्या महिन्यात मोडतात. करार मोडला की बऱ्याच ठिकाणी पुन्हा हप्ते मिळत नाहीत. मी टेबलावर बसून असे किती तरी करार करून घेतले, आणि मोडणार हे कागद सही होतानाच कळायचं. वरून हुकूम होता: जास्तीत जास्त सहा हप्ते. खिडकीपलीकडचा माणूस मान डोलवायचा, कारण त्या दिवशी त्याला फक्त नळ वाचवायचा असायचा.

एकरकमी मदतीचंही तसंच. अमेरिकेने कोविडच्या काळात पाणी बिलांसाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रकमेची केंद्रीय योजना काढली. जुनं फिटलं. पण महिन्याचं बिलच आवाक्याबाहेर असेल तर वर्षभरात माणूस परत तिथेच.

मला सगळ्यात पटलेली पद्धत फिलाडेल्फियाची. २०१७ पासून तिथे गरीब घराचं बिल वापरावर नाही, उत्पन्नाच्या टक्क्यावर ठरतं, साधारण दोन ते चार टक्के. जुनी थकबाकी बाजूला ठेवतात; नवी छोटी बिलं भरत गेलात की ती टप्प्याटप्प्याने माफ होते, चोवीस महिन्यांची बिलं भरली की संपली. माणूस भरू शकेल एवढंच मागायचं आणि भरल्याचं बक्षीस द्यायचं. चिलीने तर १९८९ मध्येच कायदा केला: गरीब घराच्या पहिल्या काही घनमीटर पाण्याचा मोठा वाटा सरकार थेट पाणी कंपनीला देतं. मात्र स्वतःचा वाटा लागोपाठ तीन बिलं थकवला की अनुदान बंद. कडक वाटतं, पण तो वाटा आवाक्यात असल्याने चालून जातं. ठरावीक पाणी सरसकट मोफत देणाऱ्या शहरांच्या योजना याउलट आहेत. त्या राबवायला सोप्या, पण दहा माणसांचं गरीब घर मर्यादा ओलांडतं आणि दोन माणसांचं श्रीमंत घर फुकटात राहतं.

यातल्या बहुतेक योजनांना एक रोग आहे: अर्ज. ज्या बाईंनी पाकिटंच उघडली नाहीत त्या उत्पन्नाचा दाखला जोडून अर्ज करणार? इंग्लंडमध्ये म्हणूनच सरकारी भत्ते कोणाला मिळतात ही माहिती पाणी कंपन्यांना देण्याची सोय कायद्याने केली, म्हणजे सवलत ग्राहकाने न मागताही लावता येते.

आणखी एक गोष्ट, जी नोटिशीत कुणी लिहीत नाही: थकबाकीचं मूळ कित्येकदा गरिबी नसून गळती असते. मिनिटाला एक लिटर गळती दिवसाला १,४४० लिटर होते, महिन्याला ४३ हजारांच्या वर. संडासाच्या टाकीचा झडप-रबर झिजला तरी बिल दुप्पट होऊ शकतं, आवाजही येत नाही. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर चोर सापडला. मग रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा टिपा, सकाळी परत बघा. आकडा हलला असेल तर गळती दुरुस्त करून पावतीसह गळती-सवलत मागा. बऱ्याच खात्यांत तसा नियम असतो, खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाही. मीही सांगायचो नाही, पहिली दोन वर्षं तरी. बिल खऱ्या वाचनाचं आहे की सरासरीचं, हेही बिलावर पाहा. मीटर बंद म्हणून वर्षभर सरासरी लावली आणि मग एकदम फरक काढला, अशी प्रकरणं मी डझनांनी पाहिली.

भाड्याने राहत असाल आणि जोडणी मालकाच्या नावावर असेल तर वेगळाच पेच. तुम्ही भाड्यात पाण्याचे पैसे भरता, मालक पुढे भरत नाही, आणि नळ तुमचा बंद होतो. काही ठिकाणी भाडेकरूला स्वतःच्या नावाने खातं उघडू देतात, तेही मालकाची जुनी थकबाकी अंगावर न घेता. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्यात ही तरतूद आहे. त्याच कायद्याने बिल थकल्यापासून ६० दिवसांच्या आत तोडणीला मनाई केली. आणि पैसे नाहीत, हप्त्यांना तयारी आहे, शिवाय पाणी गेल्यास घरातल्या कुणाच्या जिवाला धोका असल्याचा डॉक्टरचा दाखला आहे, असं तिन्ही असेल तर तोडताच येत नाही. तुमच्याकडे असा नियम आहे का ते नोटिशीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत शोधा.

आता तुमच्यापुरतं. नोटिशीवरच्या तारखेआधी जा, तारखेनंतर नाही. यादी एकदा तोडणी पथकाकडे गेली की माझ्यासारख्या कारकुनाच्या हातात काही उरत नाही. जाताना होईल तेवढी छोटी का होईना रक्कम भरून पावती घेऊन जा. जवळजवळ सगळीकडे ती भरण्याची नियत म्हणून मोजली जाते. घरात आजारी माणूस, तान्हं मूल असेल तर पहिल्या वाक्यात सांगा, लाजू नका. कितीचा हप्ता झेपेल हे घरूनच ठरवून जा आणि त्याहून जास्तीवर सही करू नका. सहा म्हणाले तर बारा मागा, बारा म्हणाले तर लेखी अर्ज देऊन अठरा मागा. बिलाबद्दल वाद असेल तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तक्रार प्रलंबित असेपर्यंत तोडणी थांबवण्याचा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव आणि तारीख त्याच नोटिशीच्या पाठीवर लिहून ठेवा. पथक दारात आलं तर तोच कागद दाखवायला लागतो.