उबंटूवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्टही केला, तरी तो लोड होत नाही. सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त ओळखीची सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू आहे. काय करावे?

सिक्युअर बूट बंद करू नका, ड्रायव्हरची सही तपासणारी की (डिजिटल किल्ली) तुमच्या मशीनमध्ये नोंदवा. सिक्युअर बूट चालू असताना उबंटूचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) ओळखीची सही नसलेले मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखा जोडभाग, लोडच करत नाही. डीकेएमएसने (कर्नलनुसार मॉड्यूल बांधून देणाऱ्या सोयीने) तुमच्या मशीनवर तयार झालेल्या मॉड्यूलवर तिथेच बनवलेल्या मोक नावाच्या कीने सही होते, पण ती की तुम्ही स्वतः मान्य करावी लागते. खात्रीसाठी टर्मिनलमध्ये सुडो लावून मॉडप्रोब एनव्हिडिया चालवा. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर आले तर कारण हेच. मग मोकयुटिल या आज्ञेला इम्पोर्ट पर्याय देऊन व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या फोल्डरांच्या साखळीतली मोक डॉट डीईआर ही फाइल द्या, तात्पुरता पासवर्ड ठरवा आणि रीस्टार्ट करा. निळा पडदा येईल. तो जेमतेम 10 सेकंद थांबतो आणि बहुतेकांचे इथेच निसटते, म्हणून लगेच कोणतेही बटण दाबा. एनरोल मोक, कंटिन्यू, येस, मग तोच पासवर्ड. तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, त्यामुळे पासवर्ड साध्या अक्षर-अंकांचाच ठेवा. शेवटी एनव्हिडिया-एसएमआय चालवून कार्ड दिसते का पाहा. मात्र हे उबंटूच्या भांडारातून घेतलेल्या डीकेएमएस पॅकेजपुरते आहे. एनव्हिडियाच्या साइटवरची डॉट रन फाइल वापरली असेल तर आधी ती काढून टाका आणि 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून शिफारस केलेली आवृत्ती घ्या.