लिब्रेऑफिसमध्ये भरलेले अहिराणी शब्द विंडोजवरून लिनक्सवर कसे न्यायचे?

प्रश्न : धुळ्यातल्या डीटीपीच्या दुकानात ‘आंडोर’, ‘आंडेर’, ‘कसाले’ असे शेकडो शब्द शब्दकोशात टाकलेत. नव्या मशीनवर उबुंटू (लिनक्स) आहे. ती फाइल कुठे असते?

उत्तर : शब्द ‘स्टँडर्ड डॉट डिक’ या एकाच फाइलीत असतात, फक्त तिचं फोल्डर लपलेलं असतं. विंडोजवर विंडोज की आणि आर दाबा, ॲपडेटा हा शब्द दोन टक्के-चिन्हांच्या मध्ये टाइप करून एंटर मारा. मग लिब्रेऑफिस, त्यात 4, त्यात यूजर, त्यात वर्डबुक. आवृत्ती कितीही नवी असली तरी फोल्डर 4 च राहतं, गोंधळू नका.

उबुंटूवर होम उघडून कंट्रोल आणि एच दाबा. डॉट कॉन्फिग दिसेल, पुढचा रस्ता तोच. लिब्रेऑफिस फ्लॅटपॅकने (लिनक्सवर ॲप टाकायची एक वेगळी पद्धत) टाकलं असेल तर तिथे शोधून काही सापडणार नाही, त्याचं सगळं होममधल्या डॉट व्हार, ॲप या फोल्डरांत असतं. मॅकवर लायब्ररी, ॲप्लिकेशन सपोर्ट.

विंडोजवरची फाइल उबुंटूच्या वर्डबुकमध्ये टाकण्याआधी लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा. चालू ठेवून फाइल टाकली तर ते जुनीच यादी पुन्हा लिहून टाकू शकतं. फाइल एडिटरमध्ये उघडलीच तर वरच्या चार ओळींना हात लावू नका. चौथी ओळ म्हणजे नुसत्या तीन रेघा, शब्द त्याखाली. अख्खं यूजर फोल्डर मात्र उचलू नका, त्यात विंडोजवरच्या फोल्डरांचे पत्ते असतात.